समुद्र अल्कधर्मी असूनही शंख विरघळतात ते कसे?

सागरगोटा (प्रश्न)

माझी मुलगी आठवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने गुहागरच्या किनाऱ्यावरून वेचून आणलेले चार लहान शंख व्हिनेगरमध्ये घालून ठेवले. घातल्याबरोबर त्यांच्यावर बुडबुड्यांचा थर आला आणि दुसऱ्या दिवशी शंखाची कड इतकी पातळ झाली होती की बोटाने दाबताच तिचा तुकडा पडला. तक्त्यावर तिने लिहिले, ‘समुद्र आम्ल होत असल्याने गोगलगायींचे शंख असेच विरघळत आहेत.’ परीक्षकांनी विचारले की समुद्राचे पाणी तर आजही अल्कधर्मी आहे, मग शंख विरघळतील कसे? याचे उत्तर तिच्याजवळ नव्हते आणि खरे सांगायचे तर माझ्याजवळही नव्हते. शंख नेमके विरघळतात, की त्यांची वाढ खुंटते? आपल्या किनाऱ्यावर जे झिजलेले, भोके पडलेले शंख सापडतात, त्यांचे कारणही हेच आहे का?

जुना प्रयोगशाळावाला

परीक्षकांचे म्हणणे बरोबर आहे, पण त्यावरून शंख सुरक्षित आहेत असा निष्कर्ष निघत नाही. औद्योगिक काळापूर्वी समुद्राच्या पृष्ठभागाजवळच्या पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्लता मोजणारा आकडा; तो जितका कमी, तितके पाणी अधिक आम्ल) सरासरी ८.२ च्या आसपास होता, तो आता ८.१ च्या आसपास आला आहे. उदासीन पाण्याचा सामू ७ असल्यामुळे समुद्र अजून अल्कधर्मीच आहे. मात्र सामूची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, त्यामुळे ०.१ ची ही घट दिसायला क्षुल्लक वाटली तरी तिचा अर्थ हायड्रोजन आयनांचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी वाढले, असा होतो. व्हिनेगरमध्ये हेच प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या लाखपटीहून अधिक असते, म्हणून तो प्रयोग डोळ्यांत भरतो खरा, पण समुद्राबद्दल फारसे काही सांगत नाही.

समुद्रात काय घडते ते पाहायचे असेल तर आपल्या शाळेतली चुन्याची निवळी आठवावी. तिच्यात नळीने फुंकले की ती दुधाळ होते, इथपर्यंतच आपण पाठ केलेले असते. कार्बन डायऑक्साइड त्यापुढेही सोडत राहिले की दुधाळपणा नाहीसा होऊन पाणी पुन्हा नितळ होते. जादा वायूपासून कार्बोनिक आम्ल तयार होते आणि न विरघळणाऱ्या कार्बोनेटचे विरघळणाऱ्या बायकार्बोनेटमध्ये रूपांतर होते. समुद्रातही हवेतून शोषलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून असेच आम्ल बनते आणि त्यातून सुटलेले हायड्रोजन आयन कार्बोनेट आयनांना गाठून त्यांचे बायकार्बोनेट करतात. कार्बोनेटचे प्रमाण एका मर्यादेखाली गेले की पाणी शंखाच्या द्रव्याबाबत, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटबाबत, असंपृक्त होते, म्हणजे ते द्रव्य आणखी विरघळवून घेऊ शकते, आणि ही मर्यादा सामू ७ वर येण्याच्या बरीच आधी ओलांडली जाते. परीक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. त्यातून बहुतेक सागरी गोगलगायींचे शंख मुख्यतः ॲरागोनाइटचे असतात, आणि कॅल्शियम कार्बोनेटचे हे रूप कॅल्साइटपेक्षा लवकर विरघळते.

शंखवेडी

वरचे रसायन बिनचूक आहे, पण ते रिकाम्या शंखाला जसेच्या तसे लागू पडते. जिवंत गोगलगाय काही मुकाट्याने विरघळत बसत नाही. तिचा प्रावार, म्हणजे शंखाला आतून लागून असलेली मऊ त्वचा, शंखाच्या कडेशी अगदी थोडा द्रव अडवून धरतो आणि नवे ॲरागोनाइट त्या द्रवात घडते. हे घडताना हायड्रोजन आयन सुटतात आणि ते बाहेर ढकलावे लागतात. बाहेरच्या पाण्यातच ते वाढले की ढकलण्याचा खर्च वाढतो, आणि हा खर्च खाणे, चालणे, अंडी घालणे या सगळ्यांच्या वाट्यातून निघतो. म्हणून ‘विरघळणे की वाढ खुंटणे’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘दोन्ही’ असे असते आणि त्यांचे प्रमाण जातीनुसार बदलते.

इटलीच्या व्हल्कानो बेटाजवळ समुद्रतळातून ज्वालामुखीचा कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांच्या रूपाने वर येतो, त्यामुळे तिथे हा प्रयोग निसर्गानेच मांडून ठेवला आहे. तिथल्या दोन जातींच्या गोगलगायींवरचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पाण्यातल्या भाईबंदांपेक्षा त्या आकाराने लहान होत्या. शरीराच्या प्रत्येक ग्रॅममागे त्यांचा ऊर्जेचा खर्च जास्त होता, पण देहच लहान असल्याने एकूण गरज कमी होती, आणि त्यामुळे शंख घडवत राहणे आणि झिजलेला भाग काही प्रमाणात सांधणे त्यांना जमत होते. बुटकेपणा हा इथे तगून राहण्याचा मार्ग ठरला, ही गोष्ट मला नुसत्या विरघळण्यापेक्षा कितीतरी अधिक बोलकी वाटते.

विरघळण्याचे सर्वात ठळक उदाहरण ‘सागरी फुलपाखरू’ म्हणवणाऱ्या लिमासिना या तरंगत्या गोगलगायीचे आहे. तिचा शंख जेमतेम काही मिलिमीटरचा आणि काचेसारखा पारदर्शक असतो. अंटार्क्टिकाजवळच्या स्कोशिया समुद्रातून २००८ मध्ये पकडलेल्या जिवंत लिमासिनांच्या शंखांचे पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली खरवडल्यासारखे दिसले. थंड पाण्यात वायू अधिक विरघळतो आणि तिथे खोलचे, कार्बन डायऑक्साइडने भरलेले पाणीही वर येते, त्यामुळे ध्रुवांकडे हा परिणाम आधी जाणवतो.

जुना प्रयोगशाळावाला

लिमासिनाबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत, ते नोंदवायला हवेत. शंखावरचे सेंद्रिय आवरण शाबूत असेल तर आतला थर बराच सुरक्षित राहतो आणि ओरखडा पडून ते फाटले असेल तिथेच पाणी शिरते, असे एका गटाचे म्हणणे आहे. ती गोगलगाय आतल्या बाजूने नवा थर चढवून डागडुजी करते, हेही दिसून आले आहे. दुसऱ्या गटाच्या मते आवरणाचा हा बचाव इतका भक्कम नाही.

सागरगोटा

दोघांचेही आभार. गुहागरच्या शंखांचे मात्र राहिले.

शंखवेडी

ते शंख पुरावा म्हणून धरू नयेत. रिकामा शंख लाटांत आणि वाळूत घासून झिजतो. बारीक भोकांची जाळी बहुधा शंख पोखरणाऱ्या स्पंजांची असते, तर एकच गोल, नीट कातलेले भोक दुसऱ्या शिकारी गोगलगायीने पाडलेले असते. उष्ण कटिबंधातले पृष्ठभागाचे पाणी आजही ॲरागोनाइटबाबत चांगलेच अतिसंपृक्त आहे. तरीही आपला किनारा यातून अगदीच सुटलेला नाही, कारण पावसाळ्यात आणि त्यानंतर भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळ खालचे, कमी ऑक्सिजनचे पाणी वर सरकते. ऑक्सिजन संपवणाऱ्या कुजण्यातूनच कार्बन डायऑक्साइड तयार होत असल्याने या पाण्याचा सामूही कमी असतो.

जुना प्रयोगशाळावाला

मुलीला पुन्हा संधी मिळणार असेल तर व्हिनेगर बाजूला ठेवावे. पानाच्या टपरीवरचा चिमूटभर चुना बाटलीभर पाण्यात ढवळून रात्रभर निवळू द्यावा आणि वरचे नितळ पाणी सावकाश ओतून घ्यावे. चुना डोळ्यांत जाऊ नये म्हणून हे काम मोठ्यांनी करावे. त्या पाण्यात तेवढेच साधे पाणी मिसळून प्रथम नळीने फुंकावे, मात्र ओढू नये, आणि ते दुधाळ झाले की बाटलीतला गार सोडा थोडा थोडा ओतत जावे. नुसत्या फुंकण्याने पुन्हा नितळ व्हायला फार वेळ लागतो आणि तोवर परीक्षक पुढच्या टेबलाकडे गेलेले असतात.