नाव एकाचे, बार दुसऱ्याचा: विस्कॉन्सिनमधील कौटुंबिक पारध समर्थनीय आहे का?

सातारकर
माझी मुलगी लग्नानंतर अमेरिकेत, विस्कॉन्सिनच्या सॉक काउंटीत राहते. तिच्या सासरी मका आणि सोयाबीनची शेती आहे. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या अमेरिकन सणाच्या) आधीच्या शनिवारी सुरू होणारा हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम त्या घरात आपल्याकडच्या गणपतीइतक्याच निष्ठेने पाळला जातो, म्हणजे परगावची मुले रजा काढून येतात आणि न येणाऱ्याला वर्षभर बोलणी खावी लागतात. गेल्या नोव्हेंबरात मी तेथे होतो. परवाना नसल्यामुळे अंगात भडक नारिंगी जाकीट चढवून व्याह्यांच्या शेजारी मचाणावर नुसता बसून राहिलो. सहा जणांनी मिळून पांढऱ्या शेपटीची चार हरणे मारली, त्यांपैकी तीन माद्या होत्या. नंतर त्या हरणांपुढे साऱ्या कुटुंबाचे छायाचित्र निघाले. हंगाम यशस्वी झाला असे घरच्यांचे म्हणणे आहे आणि ते मला पटले.

तेथील कायद्यात सामूहिक शिकारीची तरतूद आहे. गटातील प्रत्येकाकडे स्वतःचा परवाना आणि बंदूक असेल, तर एकाने दुसऱ्याच्या टॅगवर, म्हणजे त्याच्या वाट्याच्या हरणावर, बार टाकलेला चालतो. मात्र त्या वेळी दोघे एकमेकांच्या नजरेच्या किंवा हाकेच्या टप्प्यात असले पाहिजेत, आणि फोन किंवा वॉकीटॉकीवरचा संपर्क त्यात धरला जात नाही. मुलीने परवाना काढला होता, पण तिच्याच्याने चाप ओढवेना. दिराने हात वर करून विचारले, तिने मान हलवली, आणि पडलेली मादी तिच्या नावावर नोंदली गेली. यंत्राला मध्ये न घेता माणसाने माणसाची संमती घ्यावी, हा नियम मला शहाणपणाचा वाटतो.

अनुजा_रा
संमती घेतली ती मुलीची; हरणाची कोणी घेतली? तुमच्या लेखनात मला सर्वांत खटकला तो "यशस्वी" हा शब्द. मी स्वतः मांसाहारी असल्यामुळे अहिंसेचा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. परंतु खाटकाच्या दुकानासमोर कोणी कुटुंबासह छायाचित्र काढून घेत नाही. मारणे आवश्यक असेल तर ते काम म्हणून करावे. त्याचा सण का करावा?

देवराई
माझा आक्षेप वेगळा आहे. कोकणात आजोबांच्या पिढीत रान उठवून रानडुकराची शिकार होत असे. हाकारे घालणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळे, अगदी कुत्रा घेऊन आलेल्यालाही; परंतु ठासणीची बंदूक कोणी उडवली हे साऱ्या गावाला ठाऊक असे आणि त्याचा मान वेगळा काढला जाई. (1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हे सारे गुन्ह्यात मोडते, आणि ते योग्यच आहे.) मांस वाटून घेता येते, जीव घेतल्याची जबाबदारी वाटून घेता येत नाही. तुमच्या मुलीला गोळी झाडायची नव्हती, तर तिचा टॅग कोरा राहिला असता तरी काय बिघडले असते?

माळरान
बिघडले असते, कारण मादीच मारायला हवी होती. विस्कॉन्सिनमधून लांडगे 1960 च्या सुमारास संपले होते. पुढे ते परतले, तरी मुख्यतः उत्तरेकडील जंगलांत. दक्षिणेकडच्या शेतीच्या पट्ट्यात हरणांना आवर घालणारे माणूस आणि मोटारगाड्या एवढेच उरतात. नुसते शिंगवाले नर मारून कळप कमी होत नाही, कारण एक नर अनेक माद्यांना पुरतो. वन्यजीवतज्ज्ञ आल्डो लिओपोल्ड यांनी 1943 मध्ये माद्यांच्या शिकारीचा पुरस्कार केला, तेव्हा त्यांच्यावर तुटून पडणाऱ्यांत शिकारीच पुढे होते. त्यामुळे चारांपैकी तीन माद्या, या एका तपशिलासाठी मी तुमच्या व्याह्यांना मानतो.

मात्र पैशाचा मुद्दा तुम्ही काढलेला नाही, म्हणून मीच काढतो. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसे यांवरील 11 टक्के अबकारी करातून तेथील राज्यांना वन्यजीवांसाठी निधी मिळतो. विसाव्या शतकाच्या आरंभी देशभरात जेमतेम काही लाख उरलेली ही हरणे आज सुमारे 3 कोटी आहेत, यात त्या पैशाचाही वाटा आहे. पण ज्या खात्याचे उत्पन्न बंदुकांच्या खपावर अवलंबून आहे, ते शिकार कमी करण्याचा विचार कधी मनापासून करील का?

आणखी एक. हे उदाहरण कोणी विदर्भातल्या रोह्यांना, म्हणजे नीलगायींना, चिकटवू नये. आपल्या कायद्याच्या कलम 11 खाली पीक नासवणाऱ्या काही प्राण्यांना मारण्याची परवानगी मिळू शकते, पण ती नुकसानीवरचा उपाय म्हणून. हंगाम म्हणून नव्हे.

सातारकर
अनुजाताई, छायाचित्राबाबत तुमचे म्हणणे मान्य आहे. मलाही तेथे उभे राहताना अवघडल्यासारखे झाले आणि मी कडेला सरकलो. सणाबद्दल मात्र नाही. लोक एकत्र जमले नसते, तर थंडीत रात्री दहापर्यंत गोदामात उभे राहून मांस कापणे, तोलणे आणि बांधणे हे काम झालेच नसते.

देवराई, तुमचा प्रश्न मी मुलीलाच विचारला. तिचे उत्तर असे, की मांस खाणारच असेन तर माझे नाव कागदावर असू दे, मी कोरी राहून फक्त जेवायला बसणार नाही. दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाचच्या आत नोंदणी करावी लागते; ती तिने स्वतः केली. यावर तुमचे समाधान होणार नाही, याची मला कल्पना आहे.

देवराई
होत नाही. पण दिराने मारून घरातल्या कोणी परस्पर नोंद केली असती, त्यापेक्षा हे बरे.

माळरान
सॉक काउंटी म्हणजे सीडब्ल्यूडीचा (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) पट्टा. हरणांच्या मेंदूचा हा रोग विस्कॉन्सिनमध्ये 2002 साली उघडकीस आला आणि त्याला कारणीभूत असलेले प्रायॉन, म्हणजे विकृत प्रथिने, शिजवूनही नष्ट होत नाहीत. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नसले, तरी बाधित हरीण खाऊ नये असाच सल्ला दिला जातो. तपासणी केली का?

सातारकर
चारही मुंडकी नमुन्यासाठी दिली होती. तीन अहवाल निर्दोष आले. मुलीच्या नावावरच्या मादीचा मी निघेपर्यंत आलेला नव्हता. तिचे मांस व्याह्यांनी वेगळ्या फ्रीझरमध्ये, तारीख घालून, कुलपात ठेवले आहे.