मिरचीची भुरी: फवारा पानाखालून हवा

दादा, तीन वेळा गंधक मारूनही मिरचीवरची भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड आणणारा बुरशीचा रोग, हटेना असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सांगतो. आपण तासगावकडची माणसं, भुरी म्हटलं की द्राक्षाचीच डोळ्यांपुढे येते. मिरचीवरची बुरशी वेगळी, लेव्हिल्युला टॉरिका. ती पानाच्या आत शिरून वाढते आणि पांढरी पूड बहुतेक खालच्या बाजूला धरते. वरून नुसते पिवळट डाग दिसतात, वाटतं खत कमी पडलं. बुडातलं जुनं पान उलटून बोट फिरवा, पिठासारखं लागेल. मी गेल्या माघात हेच ओळखायला आठ दिवस लावले; निम्मी पानं सरीत पडली आणि उघड्या पडलेल्या मिरच्या उन्हानं पांढऱ्या झाल्या. फार जीवाला लागलं.

पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, पण पहिला डाग दिसताच, नोझल खालून वर धरून. तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर नकोच, पानं करपतात. आत शिरलेल्या बुरशीपर्यंत गंधक पोचत नाही. तिथं पानात शिरणारं बुरशीनाशक अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन २३ टक्के, लिटरला १ मिली. पुढची फवारणी मायक्लोब्युटॅनिल या दुसऱ्या बुरशीनाशकाची, तेच औषध पुन्हा नको. तोडा चालू असेल तर फवारणी आणि तोडा यांच्यातले लेबलवरचे दिवस पाळा.

तुम्ही मिरची कधी लावली आहे?