निङ्ग्रो आणि ब्रॅकन या नेच्यांचे कोवळे कोंब खात्रीने कसे ओळखावेत? मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. नोकरीनिमित्त आम्ही दोन वर्षांपासून कालिम्पोंगला राहतो. येथे पावसाळ्यात हाटामध्ये निङ्ग्रोच्या जुड्या येतात. ओढ्याकाठी, ओल्या सावलीत वाढणाऱ्या डिप्लाझियम एस्क्युलेंटम या नेच्याचे ते गुंडाळलेले कोवळे कोंब. आसामात त्यांना ढेकिया म्हणतात, तर उत्तराखंडात लिंगुडा. ही भाजी निवडायला मला शेजारच्या नेपाळी दिदींनी शिकवले. त्या कोंब बोटांत धरून हलकेच वाकवीत, कट्‌कन मोडेल तेवढाच भाग ठेवीत आणि त्यावरचा तपकिरी कोंडा पाण्यात चोळून काढीत. मग उकडून, कांदा-मिरचीवर परतून शेवटी मऊ छुर्पी (इकडचे पनीरसारखे चीज) घालायची. आमच्या घरी ही भाजी आता टाकळ्याइतकीच आवडीने खाल्ली जाते.

गेल्या रविवारी, दिदी लेकीकडे सिलिगुडीला गेलेल्या असताना, मी प्रथमच स्वतः कोंब खुडून आणले. काही घरामागच्या झऱ्याजवळचे, तर काही वरच्या उन्हाच्या उतारावरचे. निवडायला बसल्यावर दिसले की झऱ्याजवळच्या कोंबांच्या देठावर गडद खवले आहेत, तर उतारावरच्या कोंबांवर मऊ केस असून त्यांचे टोक तीन फाट्यांत वळलेले आहे. झऱ्याजवळचे कोंब एकाच गड्ड्यातून झुपक्याने निघाले होते आणि उतारावरचे जमिनीतून सुटे, एकेकटे. हे दुसरे ब्रॅकन असावे अशी मला भीती वाटली, कारण ब्रॅकनमध्ये टॅक्विलोसाइड हे कर्करोगकारक द्रव्य असते. घरात सहा वर्षांची मुलगी असल्यामुळे मी दोन्ही फेकून दिले. झऱ्याकाठचे चांगले कोंबही त्यात गेले, याची फार हळहळ वाटते.

ब्रॅकनचे बीजाणू पानाच्या दुमडलेल्या कडेखाली असतात आणि डिप्लाझियमचे शिरांलगत रेघांमध्ये, हे मला ठाऊक आहे. परंतु खुडण्याजोग्या कोंबावर बीजाणू नसतातच. तेव्हा केवळ खवले आणि केस यांवरून निवाडा करणे सुरक्षित आहे का, की शेजारचे वाढलेले पान उलटून पाहिल्याशिवाय कोंबाला हातच लावू नये? शहामृगी नेच्याचे (ऑस्ट्रिच फर्न, हाही खाण्याजोगा नेचा) कोंब 15 मिनिटे उकळून ते पाणी टाकून द्यावे, असे कॅनडाचे आरोग्य खाते सांगते. आपल्याकडे ढेकिया किंवा लिंगुडा नेहमी करणारी मंडळी तो किती वेळ उकळतात आणि पाणी टाकतात का, हेही कृपया सविस्तर लिहावे.