घरातली आणि प्रवासातली काटकसर : तुमच्या युक्त्या, तुमचे किस्से

चिंचगूळ
आज दुपारी खालून हाक ऐकू आली, "भांडीऽऽये!" गॅलरीत जाईपर्यंत वॉचमनने बोहारणीला गेटाबाहेर काढलंसुद्धा. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली, खांद्याला जुन्या कपड्यांचं गाठोडं. किती वर्षांनी दिसली!

आमच्या डोंबिवलीच्या चाळीत ती आली की आईची दुपारची झोप गेलीच म्हणून समजा. दोघी जिन्यात ठाण मांडून बसायच्या. बोहारीण बाबांची पँट उजेडासमोर धरायची, गुडघ्याशी कापड विरलंय का बघायची, चेन दोनदा खालीवर करायची आणि नाक मुरडायची. मग आई टोपलीतलं पातेलं उचलून त्याच्या बुडावर टिचकी मारायची. "पत्रा बघ केवढा पातळ. यावर दूध तापवलं तर लागेल." "अजून एक साडी टाका ताई." "साडी नाही, वर गाळणी दे तू." जरीची साडी आई हुकुमाच्या पानासारखी शेवटपर्यंत पाठीमागे लपवून ठेवायची. जुन्या जरीत चांदी असायची, हे दोघींनाही पक्कं ठाऊक. शेवटी पातेलं आणि गाळणी घरात, साडी पुन्हा कपाटात!

मग एकेक आठवत गेलं. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवायची. कालनिर्णयची जुनी पानं वह्यांना. लग्नात आलेली पाकिटं उलटी करून पुढच्या लग्नाला. राणीच्या बागेत जाताना तिखटमिठाच्या पुऱ्या घरून, बाहेर फक्त आइस्क्रीम, तेही कांडीचं.

तुमच्याकडे काय चालायचं? आता काय चालतं? घरातलं, प्रवासातलं, काहीही लिहा.

साखरझोप
आमच्याकडे अशीच एक परात आलेली आहे, तिच्यातच अजून कणीक मळते. सविस्तर लिहिते, कुकर लावून येते.

बटण_बंद
वीज. या विषयावर मला घरात कुणी बोलू देत नाही म्हणून इथे लिहितो.
महावितरणचे घरगुती टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. शंभरच्या पुढे दर एकदम उडी मारतो. पण १०१ वं युनिट झालं की अख्खं बिल महाग होतं, हा गैरसमज आहे. वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. तरी शंभरच्या आसपास असाल तर थोडक्यात बरंच वाचतं.
कुठे वाचतं? दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, नवीन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. दिवसाचे वीस तास चालणाऱ्या पंख्याचा हिशेब करा. रोज जवळजवळ एक युनिट वाचतं एका पंख्यामागे. मोबाइलचा चार्जर काढून ठेवण्यावरून घरात भांडणं करू नका, त्यात काही नाही. गीझर बघा आधी.

कट्ट्यावरची
@बटण_बंद पाहुणे आले की मीटरसमोर खुर्ची टाकून बसता का हो? 😄

बटण_बंद
पाहुण्यांचं काही नाही. मेहुणा येतो, गीझर चालू ठेवून आत गाणी म्हणतो. अंतरा झाला की मी मेन स्विचकडे बघतो.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या सासूबाई पंच्याहत्तरीच्या वर. २०२२ पासून एश्टी त्यांना फुकट. आन् मार्च २०२३ पासून आम्हा बायकांले अर्धं तिकीट. झालं! तवापासून घरात बूड टेकत नाही त्यांचं. "पैसे कुठं लागते, चाल" म्हणते अन् चालल्या शेगावले. तिथं संस्थानच्या भक्तनिवासात राहाचं, स्वच्छ अन् स्वस्त, महाप्रसाद घ्याचा, झाली सहल.
पण गंमत पाहा. त्याहिचं तिकीट फुकट, माझं अर्धं, अन् घरच्या सोळा जणांसाठी कचोऱ्या पूर्ण पैशानं मीच घेतो. वाचलेले पैसे कचोरीत.

मनमाडकर
शेगावची कचोरी स्टेशनवरची का गावातली? यावर वेगळा धागा काढावा लागेल.
असो. अजिंठा-वेरूळला जाणाऱ्यांसाठी. तिकीट ऑनलाइन काढा. खिडकीवर ४० असतं तिथे ऑनलाइन ३५ पडतात. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटलाच ठेवावी लागते, पुढे बसनेच. त्यामुळे "थेट लेण्यापर्यंत सोडतो" म्हणणाऱ्याला जादा पैसे देऊ नका. आणि सगळ्यात मोठी काटकसर म्हणजे वार बघून निघणं. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ. आमचे एक व्याही पुण्याहून टॅक्सी करून सोमवारी अजिंठ्याला गेले, बंद फाटकासमोर फोटो काढून आले. फोटो छान आलाय.

कट्ट्यावरची
व्याही आहेत म्हणजे तोंडावर हसताही आलं नसेल 🙈

साखरझोप
आले. कुकरचंच आधी सांगते. डाळ अर्धा तास भिजवून तळाच्या डब्यात, मध्ये तांदूळ, वरच्या ताटलीत बटाटे किंवा भोपळा. एक शिटी मोठ्या आचेवर, मग गॅस बारीक. शिट्ट्यांवर शिट्ट्या काढत बसलं की नुसती वाफ वाया. आईकडे सिलिंडर लावल्याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहिलेली असायची. वेळेआधी संपला की आमची चौकशी, "चहा कुणी कुणी केला?"

दोडक्याच्या शिरा. टाकता की काय? साल काढताना त्या जाड शिरा निघतात त्या किसून किंवा बारीक चिरून थेंबभर तेलावर मंद परतायच्या, अगदी कुरकुरीत होईपर्यंत. मग तीळ, सुकं खोबरं, लसूण, तिखट, मीठ घालून हातानेच चुरायच्या. मिक्सरला लावायच्या नाहीत, भुगा होतो. आमच्याकडे दोडक्याची भाजी कुणी खात नाही, शिरांसाठी दोडका आणते. आता ही काटकसर म्हणायची का, ते तुम्ही ठरवा.

सायीचं तर सगळ्यांना माहीतच आहे. विरजण, लोणी, तूप, ताकाची कढी आणि खाली राहिलेली बेरी साखर घालून पोरांना. त्या बेरीवरून आम्हा भावंडांत मारामाऱ्या झाल्यात.

धांदरट
बेरी 😭😭 पातेलं चाटायला मिळावं म्हणून मी भांडी घासायला तयार व्हायचे

उन्हाळी_वाळवण
वाचायला मजा येतेय, पण एक बोलू? मी नाव हे घेतलंय तरी मला वाळवणांचं अजिबात कौतुक नाही. आमच्या आईने सगळा मे महिना गच्चीवर काढला. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून कुरडया. वर्षाच्या गव्हाला एरंडेल चोळणं. जुन्या नऊवारीच्या गोधड्या, टाके घालून घालून बोटांना भोकं. सगळे म्हणायचे, "वहिनींनी संसार काटकसरीने केला." बाबांच्या सिगारेटी त्या हिशेबात कधीच आल्या नाहीत. त्यांच्या पाकिटाचे पैसे वाचले असते तर विकतच्या कुरडया आल्या असत्या आणि आई दुपारी झोपली असती.

चिंचगूळ
@उन्हाळी_वाळवण अगदी खरं लिहिलंस गं. आमच्याकडे सिगारेट नव्हती, पण "चार मित्र येताहेत, भजी टाक" होतंच. तेलाचा हिशेब मात्र आईकडे मागायचे.

परळ_ते_दादर
सरसकट असं म्हणू नका ताई. आमचे वडील बसचे पैसे वाचवायला परळ ते दादर चालत यायचे, रोज. रॉकेलची रांग त्यांची, रेशनची रांग त्यांची. चपलेला तिसऱ्यांदा तळ लावून घ्यायचे. स्वतःसाठी कधी सदरा शिवला नाही, ऑफिसात कुणाच्या लग्नाचं कापड आलं की तोच सदरा.

उन्हाळी_वाळवण
तुमच्या वडिलांना नमस्कार. कुरडया घातल्या का त्यांनी कधी?

परळ_ते_दादर
नाही. खाल्ल्या.

उन्हाळी_वाळवण
😂 प्रामाणिक आहात, सोडलं तुम्हाला.

ऱ्हाइनकाठी
जर्मनीतून. इथे पाण्याच्या, कोकच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत घेतात, फाँट... थांबा, फोनवर नीट टाइप होत नाही, फांड म्हणतात. बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की पावती येते, ती गल्ल्यावर दाखवायची, सामानातून पैसे वजा. बाटली चेपायची नाही, बारकोड मशीनला वाचता आला पाहिजे.

आई-बाबा उन्हाळ्यात आले होते. बाबांना त्या मशीनचा शोध लागला आणि त्यांच्या सकाळच्या फिरण्याला ध्येय मिळालं. बागेतल्या बाकाखालच्या बाटल्या, बसस्टॉपवरचे कॅन, सगळं पिशवीत. माझा मुलगा शरमेने लाल. "आजोबा, लोक बघतात." आजोबा म्हणाले, "बघू देत, त्यांच्याच बाटल्या आहेत." परत जाताना त्या पैशांचं चॉकलेट घेऊन गेले आणि पुण्यात सगळ्यांना सांगितलं, "हे मला जर्मन सरकारने दिलं."

कट्ट्यावरची
आजोबांना इथे सदस्य करा 🙏

मनमाडकर
पुण्याचे आहेत हे सांगायची गरज नव्हती.

ऱ्हाइनकाठी
सदाशिव पेठेचे नाहीत हो, सिंहगड रोडचे.

खाडीपलीकडे
गोंय. पोरांना बोटीत बसायचं असतं म्हणून लोक क्रूझची तिकिटं काढतात. पणजीहून बेतीला फेरीबोट जाते, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. जा, ये, परत जा. रायबंदरहून चोडणला गेलात तर पलीकडे सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. पहाटे जा, पक्षी तेव्हाच दिसतात. घरून काही खायला न्या, पण प्लास्टिक परत आणा.
घरचं म्हणाल तर फणस संपला तरी आठळ्या संपत नाहीत. आई धुऊन सुकवून मातीत घोळवून ठेवायची. पावसात मासळी बंद आणि बाजार महाग, तेव्हा आठळ्यांवर दिवस जायचे. भाजीत, आमटीत, नाहीतर नुसत्या चुलीत भाजून.

धांदरट
आठळ्या खाऊन शाळेत गेल्यावर वर्गात काय व्हायचं ते नको बोलायला

खाडीपलीकडे
आमच्याकडे सगळा वर्गच आठळ्या खाऊन यायचा, त्यामुळे कोण ते कळायचं नाही.

स्लीपर_कोच
रेल्वेचं कुणीच लिहिलं नाही म्हणून. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंदच आहे, त्यामुळे आई-वडिलांचं तिकीट काढताना जुना हिशेब धरू नका. ५ ते १२ वयाच्या मुलाला वेगळा बर्थ मागितला तर पूर्ण भाडं, न मागता अर्धं. आम्ही दोन्ही पोरं आमच्याच बर्थवर कोंबतो. रात्रीची गाडी धरतो, लॉजची एक रात्र वाचते. सकाळी स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये आंघोळी, सामान क्लोक रूममध्ये, हिंडायला मोकळे. जेवणाला दशम्या आणि दाण्याची चटणी. दशम्या दुधात भिजवलेल्या, दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. समोरचे लोक डब्यातल्या बिर्याणीचा वास घेत आमच्या दशम्यांकडे बघतात, मग देवाणघेवाण होते. बिर्याणी फुकट.

साखरझोप
दशमीत पाणी अजिबात नाही ना घालत? माझ्या वातड होतात.

स्लीपर_कोच
बायकोला विचारून सांगतो.

उन्हाळी_वाळवण
@स्लीपर_कोच बघा. 😏

पाचवा_मजला
मी एकटा राहतो, पगार बरा आहे, आणि खरं सांगायचं तर दोन रुपये वाचवायला तासभर घालवणं मला पटत नाही. मी फक्त एक करतो. दर महिन्याला पगार झाला की आधी आरडी (बँकेतली दरमहा ठेव) कापली जाते, उरलेल्यात मजा. खाण्याच्या अॅपवरून मागवणं बंद केलं आणि खाली पोळीभाजी केंद्र आहे तिथल्या काकूंकडून पोळ्या घेतो. डिलिव्हरीच्या पैशात आमटीचा डबा येतो. काकू उरलेलं वांग्याचं भरीत फुकट देतात, "नाहीतर टाकायला लागेल" म्हणून.

कट्ट्यावरची
एकटा, पगार बरा, भरीत आवडतं. मावशीला सांगू का? तिची मुलगी आहे ठाण्याला.

पाचवा_मजला
धागा काटकसरीचा आहे हो ताई, लग्नाचा खर्च कुठे लिहिताय 😅

परळ_ते_दादर
@चिंचगूळ डोंबिवलीत कुठे होतात? आमची आत्या फडके रोडला राहायची. दिवाळी पहाटेला तिच्याकडे मुक्काम, चहा-फराळ तिचा, गर्दी बघणं फुकट.

चिंचगूळ
अय्या, आम्ही मागच्याच गल्लीत! पहाटेला नटूनथटून हिंडायचं, विकत काहीच घ्यायचं नाही. तेव्हा गणपतीच्या देवळापासून एक चक्कर मारली की कॉलेजचे सगळे भेटायचे.

धांदरट
बेरीवरच अडकलेय मी. साखर घालून सोडून अजून काय करता येतं? दोन वाट्या साठलीय

साखरझोप
कणकेत घाल, पोळ्या मस्त खुसखुशीत होतात. नाहीतर थालीपिठाच्या भाजणीत.

वऱ्हाडी_ठेचा
रव्यासंगं भाजून गूळ घालून लाडू वळ. आंबट असंल बेरी तर लाडवात नको, कणकेतच घाल.

धांदरट
कणकेत किती घालायची?

साखरझोप
अंदाजाने.

धांदरट
अंदाजाने म्हणजे किती गं 😩