नवी ऑर्डर सरकत यायला हवी, पण एकदम उगवते – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सदाशिव पेठेत माझ्या मावशीची मेस आहे. डब्यांच्या ऑर्डरी स्वयंपाकघरातल्या टॅबवर (टॅबलेटवर) दिसाव्यात म्हणून मी एक वेब पान लिहिलंय. साधं जावास्क्रिप्ट आणि सीएसएस, लायब्ररी कुठलीच नाही. दुपारच्या गडबडीत नवी ऑर्डर गुपचूप यादीत आली तर पोळ्या लाटणाऱ्या ताईंच्या लक्षातच येत नाही, म्हणून ती वरून सरकत आलेली हवी आहे.

अडचण अशी: नवा डिव्ह (पानावरचा एक चौकोन, इथे एक ऑर्डर) यादीत जोडून लगेच त्याला 'दिसतो' हा क्लास देतो. ओपॅसिटी (अपारदर्शकता) ० वरून १ व्हायला ३०० मिलिसेकंदांचं ट्रान्झिशन (हळूहळू होणारा बदल) लावलंय, पण ते चालतच नाही. माझ्या समजुतीप्रमाणे दोन्ही बदल ब्राउझर एकत्रच हिशोबात घेतो, त्यामुळे त्याला आधीची स्थिती मिळतच नाही. मध्ये ऑफसेट-हाइट (त्या डिव्हची उंची) वाचून ब्राउझरला लेआउट (कुठे काय बसतं याचा हिशोब) करायला लावला की चालतं, पण एका वेळी पंधरा-वीस ऑर्डरी आल्या की जुना टॅब अडखळतो. लूपमध्ये प्रत्येकीसाठी वेगळं वाचल्यामुळेच का? सगळ्या जोडून एकदाच वाचलं तर पुरेल का?

की सरळ कीफ्रेम्स (अ‍ॅनिमेशनचे टप्पे सीएसएसमध्येच लिहिणं) वापरू? त्याला आधीची स्थिती लागत नाही. स्टार्टिंग-स्टाइल (सुरुवातीची स्थिती सांगणारा सीएसएस नियम) आवडलं होतं, पण ते क्रोम ११७ पासून चालतं आणि टॅबवरचा क्रोम त्याच्या आधीचा आहे.

आणि डबा गेल्यावर ओळ काढताना उंची ऑटो असल्यामुळे खालच्या ओळी धाडकन वर येतात. हे तुम्ही कसं सोडवलंत? कोडचा तुकडा दिलात तर फार मदत होईल.