एचआयव्हीवरील संशोधनात कारकीर्द करायला आता उशीर झाला आहे का?

नवखा_संशोधक
सूक्ष्मजीवशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण संपवून मी पीएच.डी.साठी विषय शोधत आहे. ओढा एचआयव्हीकडे आहे. परंतु एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी स्पष्टच सांगितले की १९९६ पासून एकत्रित औषधोपचार आल्यामुळे या विषाणूतले महत्त्वाचे काम होऊन गेले असून तरुणांनी आता नव्या विषाणूंकडे वळावे. एकाच विषाणूला पंचवीस-तीस वर्षे देणे आज शहाणपणाचे ठरेल का? आणि विषाणुशास्त्रज्ञाची कारकीर्द प्रत्यक्षात घडते तरी कशी?

जुने_भिंग
दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर बरेचसे त्यातच आहे. एचआयव्ही शोधणाऱ्या गटातील फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रान्स्वाज बारे-सिनूसी यांनी एचआयव्ही निवडलेला नव्हता. १९७० च्या दशकात त्या उंदरांमध्ये कर्करोग घडवणाऱ्या रेट्रोव्हायरसवर (आपल्या आरएनएपासून डीएनए बनवून तो पेशीच्या जनुकसंचात घुसवणाऱ्या विषाणूंवर) काम करीत होत्या आणि तेव्हा एड्स हे नावही अस्तित्वात नव्हते. टेमिन आणि बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये दाखवून दिलेले रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे आरएनएपासून डीएनए बनवणारे, रेट्रोव्हायरसची खूण असलेले विकर (एन्झाइम) मोजण्यात मात्र त्यांचा हात चांगलाच बसलेला होता.

जानेवारी १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एड्सची पूर्वलक्षणे असलेल्या एका रुग्णाच्या लसिकाग्रंथीचा तुकडा आला. त्यातील पेशी वाढवून ठरावीक दिवसांनी त्यांवरच्या द्रवात हे विकर सापडते का, हे पाहिले जाऊ लागले. सुमारे दोन आठवड्यांनी त्याची क्रिया दिसली, वाढली आणि मग घसरू लागली, कारण पेशीच मरत होत्या. एखाद्या नवशिक्याने संवर्धन बिघडले म्हणून बाटली टाकून दिली असती. या गटाने रक्तदात्याच्या ताज्या लिंफोसाइट (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) पेशी त्यात घातल्या आणि विकराची क्रिया पुन्हा वर आली. तोवर ठाऊक असलेला एचटीएलव्ही-१ हा मानवी रेट्रोव्हायरस पेशींची बेसुमार वाढ घडवतो, हा नवा विषाणू तर त्यांना मारत होता. मे १९८३ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला आणि २००८ मध्ये ल्यूक माँटॅनिए यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. पुढची वर्षे त्यांनी आईकडून बाळाला होणारा संसर्ग आणि एसआयव्ही हा एचआयव्हीचा माकडांतील भाऊबंद अंगात असूनही आजारी न पडणारी आफ्रिकी माकडे यांसारख्या प्रश्नांना दिली. नोबेलच्या बातम्यांत हा भाग क्वचितच येतो, पण कारकीर्द समजून घ्यायची तर मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो.

म्हणून विषाणूच्या नावापेक्षा आपल्या हाताला कोणते तंत्र लागणार आहे, हे आधी पाहावे.

पेशीसंवर्धक
वरील मताशी सहमत आहे. प्राध्यापकांच्या मताशी मात्र नाही. औषधे विषाणूची वाढ रोखतात, पण स्मृती-टी पेशींच्या (जुना संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या प्रतिकारपेशींच्या) जनुकसंचात शिरून निद्रिस्त राहिलेला विषाणू त्यांच्या आवाक्यात येत नाही. निद्रिस्त विषाणूचा हा साठा १९९७ मध्ये दाखवला गेला. तो निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात, म्हणजे केवळ औषधांच्या बळावर तो एका आयुष्यात संपत नाही. औषधे थांबवली की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच विषाणू रक्तात परततो.

गंमत अशी, की हा साठा नेमका किती आहे हे मोजणेही अजून नीट साधलेले नाही. डीएनए मोजावा तर आकडा फुगतो, कारण पेशींत शिरलेल्या बहुतेक प्रती सदोष असतात आणि त्यांतून नवा विषाणू तयार होऊ शकत नाही. पेशी चेतवून विषाणू वाढवून पाहावा तर आकडा कमी येतो, कारण एका चेतवणीने सगळ्या शाबूत प्रती जाग्या होत नाहीत. ज्याला मोजमापाची आवड आहे, त्याला इथे भरपूर काम आहे. लसीचा प्रश्नही उभाच आहे: २००९ मध्ये जाहीर झालेल्या आरव्ही१४४ चाचणीत संरक्षण ३१ टक्क्यांच्या आसपास दिसले आणि त्यानंतरच्या मोठ्या चाचण्यांना तेवढेही साधले नाही.

दुहेरी_हातमोजे
थोडे व्यवहाराचेही बोलू. जिवंत विषाणू वाढवायचा तर बहुतेक ठिकाणी जैवसुरक्षा पातळी तीनची (घातक जंतूंसाठीची कडक बंदोबस्ताची) प्रयोगशाळा लागते. तिथे दोन हातमोज्यांच्या जोड्या घालून साधी पिपेटसुद्धा संथपणे चालवावी लागते आणि अर्ध्या दिवसाच्या कामाला पूर्ण दिवस जातो. माझ्या पीएच.डी.तील आठ महिने मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जीवाणूने दूषित झालेल्या पेशींमागे वाया गेले, कारण त्यांची चाचणी वेळेवर करून घेण्याचे मीच टाळले होते. मार्गदर्शक निवडण्यापूर्वी त्यांच्या विद्यार्थ्यांना एकटे गाठून विचारावे, की प्रयोग फसल्यावर प्रयोगशाळेत काय घडते.

कौशल्य वाया जाईल ही भीती मात्र बाळगू नये. २०२० मध्ये कोविडच्या लसी तपासायला अमेरिकेत जे चाचणी-जाळे उभे राहिले, त्यात एचआयव्ही लसीच्या चाचण्या करणारे गट होते आणि प्रतिपिंडांची निष्प्रभीकरण-क्षमता (विषाणूला निकामी करण्याची ताकद) मोजणाऱ्या कितीतरी हातांनी ते काम एचआयव्हीवरच शिकलेले होते.

नवखा_संशोधक
आपणा सर्वांचे आभार. साठ्याच्या मोजमापावर काम करणाऱ्या एका गटाला आज पत्र लिहीत आहे. मायकोप्लाझ्माची चाचणी तिथे किती दिवसांनी होते, हेही त्यात विचारले आहे.