/यूएसआर दुसऱ्या डिस्कवर हलवलं, आता मशीन उठत नाही

निपाणी_डीटीपी
नमस्कार मंडळी. निपाणीत माझं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका मराठी-कन्नड दोन्हींत करतो. मशीनवर डेबियन 12 (लिनक्स). एसएसडी 16 जीबीची, जोडीला जुनी 500 जीबीची हार्ड डिस्क. फॉन्ट, लिब्रेऑफिस, इंकस्केप यांनी एसएसडी गच्च भरली. म्हणून रविवारी लाइव्ह पेनड्राइव्हवरून अख्खं /यूएसआर (बहुतेक प्रोग्राम असतात ते फोल्डर) हार्ड डिस्कच्या नव्या एक्सएफएस पार्टिशनवर (एक्सएफएस ही एक फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) कॉपी केलं, एफएसटॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे माउंट करायचं, म्हणजे जोडायचं, ती यादी) ओळ घातली आणि जुनं पुसून टाकलं. आता चालू केलं की आधी 'नो सच डिव्हाइस', मग 'नो इनिट फाउंड' (इनिट म्हणजे सिस्टिमचा पहिला प्रोग्राम), आणि इनिटरामएफएसचा (बूटच्या सुरुवातीला चालणारी छोटी तात्पुरती सिस्टिम) प्रॉम्प्ट. डिव्हाइस नाही कसं? /डेव्हमध्ये एसडीबी1 (हार्ड डिस्कचं ते पार्टिशन) समोर दिसतंय की!

आम्हाला शिकवलं होतं, /बिन आणि /एसबिन (गरजेच्या कमांडची फोल्डरं) रूटवर, म्हणजे मुख्य पार्टिशनवर, असतात ते /यूएसआर नसतानाही मशीन उठावं म्हणून. मग हे का अडलंय? बुधवारी चिकोडीच्या पार्टीला चारशे पत्रिका द्यायच्यात.

शहापूर_पेठ
केबल काढून परत घट्ट बसवा. माझं तसंच झालं होतं.

खानापूर_रूट
केबलचं नाही हे. डिस्क सापडलीय, म्हणून तर एसडीबी1 दिसतंय. त्याच प्रॉम्प्टवर /प्रॉक/फाइलसिस्टिम्स ही फाइल कॅट करून (कॅट कमांडने उघडून) बघा. त्यात एक्सएफएस नसेल, तर कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) ती फाइलसिस्टिमच वाचता येत नाही. अशा वेळी माउंट 'नो सच डिव्हाइस' हेच म्हणतं. माणूस मग उगाच हार्डवेअर उघडून बसतो. एक सांगा, इनिटरामएफएसच्या कॉन्फ फाइलमध्ये 'मॉड्यूल्स=डेप' (फक्त या मशीनला लागणारे ड्रायव्हर घ्या) केलंय का?

तुम्हाला शिकवलेलं त्या काळी बरोबरच होतं. 1970 च्या दशकात युनिक्सच्या डिस्क इनमिन काही मेगाबाइटच्या. /यूएसआर हे तेव्हा दुसऱ्या डिस्कवरचं, माणसांच्या होम डिरेक्टरींचं ठिकाण. पहिली डिस्क भरली तसे प्रोग्रामही तिकडे गेले. ती दुसरी डिस्क माउंट करण्यापुरती हत्यारं पहिल्या डिस्कवर ठेवावीच लागायची. पण 2012 ला फेडोरा 17 ने (हेही एक लिनक्स) /बिन, /एसबिन, /लिब सगळं /यूएसआरच्या पोटात घातलं, आणि डेबियन 12 मध्ये ते सक्तीचं झालं. तुमच्या रूटवर /एसबिन म्हणजे आता नुसती लिंक आहे. /यूएसआर नाही तर इनिट नाही, शेलसुद्धा (कमांड घेणारा प्रोग्राम) नाही. वेगळं पार्टिशन आजही चालतं, मात्र ते इनिटरामएफएसनेच, इनिट सुरू व्हायच्या आधी माउंट केलं पाहिजे. म्हणजे इनिटरामएफएसच्या इमेजमध्ये (ते ज्या फाइलीत भरलेलं असतं) त्या फाइलसिस्टिमचा ड्रायव्हर हवा.

निपाणी_डीटीपी
दादा, बरोबर धरलंत. फाइलमध्ये ईएक्सटी4 आहे, एक्सएफएस नाही. आणि 'डेप' मीच केलं होतं, इमेज लहान व्हावी म्हणून.

खानापूर_रूट
मग ती इमेज बनली तेव्हा तुमच्याकडे फक्त ईएक्सटी4 होतं, तेवढंच तिने उचललं. लाइव्ह पेनड्राइव्हवरून रूट माउंट करा, त्याच्या आत /यूएसआरचं पार्टिशन, मग /डेव्ह, /प्रॉक, /सिस बाइंड करा (तिथंही जोडा) आणि सीएचरूट, म्हणजे त्या डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरा. /यूएसआर आधी माउंट केलं नाही तर सीएचरूटला बॅश हा शेलच मिळणार नाही, तिथं बरेच जण अडकतात. आत गेल्यावर 'डेप'चं परत 'मोस्ट' (बहुतेक सगळे ड्रायव्हर) करा आणि अपडेट-इनिटरामएफएस (इमेज नव्याने बनवणारी कमांड) सगळ्या कर्नलसाठी चालवा. एक जुना कर्नल सुटला आणि नेमका तोच मेनूत निवडला, तर परत हेच रामायण.

निपाणी_डीटीपी
उठलं! रात्री साडेअकराला लॉगिन स्क्रीन दिसली. मधेच लाईट गेली होती, इन्व्हर्टरवर काम उरकलं. लय उपकार झाले, दादा.

खानापूर_रूट
छान. आता सवडीने एक करा. तुम्ही स्वतः आणलेले फॉन्ट /यूएसआर/शेअरमध्ये टाकले असणार. त्यांची जागा /यूएसआर/लोकल/शेअर/फॉन्ट्स, तिथं पॅकेज मॅनेजर हात लावत नाही. /यूएसआर/लोकल आणि /होम हार्ड डिस्कवर ठेवा, बाकीचं /यूएसआर एसएसडीवर परत आणा. ही दोन्ही उशिरा माउंट झाली तरी बूट अडत नाही, आणि त्या जुन्या डिस्कने मान टाकली तरी निदान रिकव्हरी मोडचा शेल तरी मिळेल. आधी डीयू (जागा मोजणारी कमांड) लावून फॉन्ट किती जागा खातात ते बघा.

निपाणी_डीटीपी
बघितलं, नुसते फॉन्टच 5 जीबी. पत्रिका बुधवारी पोचवतो आणि गुरुवारी दुकान उघडायच्या आधी हेच करतो.